लेखणी यंत्राची, सही माणसाची

जबलपूर शहराच्या पूर्वेस रांझी नावाची वस्ती आहे. जवळच खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि लष्करी वाहनांचा कारखाना असल्यामुळे नोकरीनिमित्त नाना प्रांतांची माणसे येथे येऊन स्थिरावली. त्यांत मराठी भाषिकांचीही घरे आहेत. १९५६ सालापर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती, आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान होता. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर वेगळ्या राज्यात गेले, आणि येथील मराठी माणसाच्या घरात एक भाषा व बाजारात दुसरी, अशी विभागणी कायमची झाली. रुग्णालयात पाऊल टाकताच त्यांत तिसऱ्या भाषेची भर पडते. घरी दुखणे मराठीत सांगितले जाते, डॉक्टर त्याविषयी हिंदीत विचारतात, आणि कागदावर ते इंग्रजीत लिहिले जाते.

माझ्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. सगळी आळी त्यांना नाना म्हणते. गेल्या वर्षी सांध्यांच्या जुनाट आजारासाठी त्यांना काही दिवस रुग्णालयात राहावे लागले. घरी येताना हाती डिस्चार्ज कार्ड पडले, ते अर्थातच इंग्रजीत होते. नानांच्या नातवाने त्याचे छायाचित्र घेतले, ते भ्रमणध्वनीतील लेखन करणाऱ्या यंत्रास दिले आणि ‘आजोबांना समजेल अशा मराठीत लिही’ असे सांगितले. अर्ध्या मिनिटात सुबक मराठी पत्र तयार झाले. ते घेऊन नाना माझ्याकडे आले आणि कौतुकाने म्हणाले, “ताई, बघा तरी, किती छान लिहिलंय! आमच्या डॉक्टरांनासुद्धा असं मराठी येणार नाही.”

भाषा खरोखरच चांगली होती. ऱ्हस्वदीर्घाची चूक नव्हती, वाक्ये लहान होती, शेवटी ‘आपणांस लवकर बरे वाटो’ अशी सदिच्छाही होती. परंतु भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे मूळ पाहिल्यावाचून मला राहवत नाही. मुळात मेथोट्रेक्सेट या औषधापुढे ‘आठवड्यातून एकदा, सोमवारी’ अशा अर्थाची नोंद होती. यंत्राने लिहिले होते, ‘सोमवारपासून, दिवसातून एकदा’.

हे औषध सांध्यांच्या अशा आजारात सामान्यतः आठवड्यातून एकदाच द्यावयाचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, रक्तातील पेशी घटतात, तोंडात व्रण पडतात आणि प्राणावरही बेतू शकते. आठवड्याची मात्रा रोज घेतली जाण्याची ही चूक जगभरच्या औषधशास्त्रज्ञांना परिचित आहे व तिच्याविषयी वारंवार इशारे दिले गेले आहेत. नानांनी त्या पत्राप्रमाणे एकही गोळी घेतली नव्हती, म्हणून अनर्थ टळला. परंतु तो टळला शेजारी भाषांतर करणारी व्यक्ती राहत होती या योगायोगाने, आणि योगायोगाच्या भरवशावर सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था उभी करता येत नाही.

या प्रसंगी दोष कोणाला द्यावा? नातवाला देता येत नाही, कारण त्याने प्रेमाने व उपलब्ध साधनाने आजोबांची अडचण दूर करू पाहिली. घाईत असलेल्या डॉक्टरांनी योग्य तीच नोंद केली होती. लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामधील रिकामी जागा एका यंत्राने भरून काढली, आणि त्या जागेची राखण करणारे कोणी नव्हते, हे खरे कारण होय. आरोग्यसेवेतील लेखनासाठी यंत्राची मदत घ्यावी की न घ्यावी, हा वाद आता फारसा उपयोगाचा राहिलेला नाही, कारण ती घेतली जातच आहे. तिने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र आज सोडवला पाहिजे.

जुना दोष

यंत्रावर टीका करण्यापूर्वी माणसाच्या लेखणीचा इतिहास प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. डॉक्टरांचे अक्षर हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, परंतु न्यायालयांनी त्याकडे विनोद म्हणून पाहिलेले नाही. डॉक्टरांच्या आचारनियमांत २०१६ साली दुरुस्ती होऊन औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असे सांगण्यात आले. २०२५ साली पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तर वाचता येईल असे औषधपत्र मिळणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

अक्षर सुवाच्य असले तरी काम भागतेच असे नाही. औषधपत्रावरील बी. डी., टी. डी. एस., एच. एस., एस. ओ. एस. ही आद्याक्षरे लॅटिन शब्दसमूहांची आहेत. त्यांचे अर्थ अनुक्रमे दिवसातून दोनदा, दिवसातून तीनदा, झोपताना आणि गरज पडल्यास असे होत. जी भाषा आज कोणाच्याही घरात बोलली जात नाही, तिच्या आधारे रांझीतील आजीने गोळी केव्हा घ्यावी हे ठरते. यात काही बदल व्हावा अशी इच्छा कोणास होणार नाही? मध्य प्रदेशात ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकीय पदवीच्या पहिल्या वर्षाची तीन विषयांची पुस्तके हिंदीत प्रकाशित झाली, तीही याच इच्छेतून. त्यांतील अनेक संज्ञा इंग्रजीच असून केवळ नागरी लिपीत उतरवल्या आहेत, अशी टीका झाली. ती टीका गंभीरपणे घेतली पाहिजे, परंतु रुग्णाच्या भाषेकडे एक पाऊल पडले हेही मान्य केले पाहिजे.

यंत्र लिहिते म्हणजे काय करते?

जनरेटिव्ह एआय, म्हणजे नवा मजकूर निर्माण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, सर्वसामान्यांच्या हाती आली ती ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यापासून. तिच्या मुळाशी असलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली मांडली होती. या यंत्राला अफाट लिखित मजकूर पुरवलेला असतो. त्यावरून अमुक शब्दांच्या मागोमाग कोणता शब्द किंवा शब्दाचा तुकडा येण्याचा संभव किती, याचे गणित ते आत्मसात करते. मग प्रश्न विचारला की ते एक तुकडा निवडते, तो मागील मजकुराला जोडते, पुढचा निवडते, आणि असे करीत करीत वाक्य व परिच्छेद उभा राहतो.

या पद्धतीचे यश थक्क करणारे आहे हे निःसंशय. परंतु तिचा कल सहजच रूढ गोष्टीकडे जातो. औषधांविषयीच्या मजकुरात ‘दिवसातून एकदा’ हे शब्द हजारो वेळा येतात, तर ‘आठवड्यातून एकदा’ हे क्वचित. नानांच्या पत्रातील चूक नेमकी कशी झाली हे सांगता येणार नाही, पण रूढ वाक्याच्या ओढीने विरळ सूचना पुसली जाणे या यंत्राच्या स्वभावात बसते. आणि वैद्यकात विरळ सूचना हीच बहुधा महत्त्वाची सूचना असते. ‘जेवणानंतर घ्यावे’ ही ओळ चुकली तर फारसे बिघडत नाही, पण ‘हे औषध रोज घेऊ नये’ ही ओळ गळली तर सर्वच बिघडते.

दुसरी गोष्ट अशी की, आपण काय जाणतो आणि काय जाणत नाही याची ग्वाही यंत्राच्या भाषेत उमटत नाही. मनुष्य अडखळतो, ‘बहुधा’ म्हणतो, कोरी जागा सोडतो, पुढे प्रश्नचिन्ह करतो. यंत्राचे खरे वाक्य आणि चुकीचे वाक्य मात्र एकाच घाटाचे, एकाच आत्मविश्वासाचे असते. पूर्वी डॉक्टरांचे अक्षर लागत नसे, तेव्हा औषधविक्रेता चष्मा सरसावून दोनदा पाही, प्रसंगी विचारायला माणूस पाठवी. दुर्बोधपणा हा दोष खरा, पण त्यामुळे शंका जागी राहत असे. यंत्राचे सुबक पान शंकेला झोपवते. भाषांतराच्या व्यवसायात आम्हांस याचा रोज अनुभव येतो. ओबडधोबड भाषांतरातील चूक पहिल्या वाचनात सापडते, तर सफाईदार भाषांतरातील चूक छापून झाल्यावर सापडते.

गुण आणि त्यांची किंमत

केवळ भीती दाखवणे शास्त्रीय वृत्तीस शोभत नाही, म्हणून प्रयोगांचे निष्कर्ष पाहू. अमेरिकेतील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी आरोग्याविषयी विचारलेले १९५ प्रश्न घेतले आणि डॉक्टरांची व यंत्राची उत्तरे, लेखकाचे नाव झाकून, आरोग्यक्षेत्रातील तज्ज्ञांपुढे ठेवली. ७८.६ टक्के मूल्यमापनांत तज्ज्ञांनी यंत्राचे उत्तर पसंत केले. ते अधिक सविस्तर व अधिक सहानुभूतीचे वाटले. न्यूयॉर्कमधील २०२४ सालच्या दुसऱ्या अभ्यासात रुग्णालयाची ५० डिस्चार्ज टिपणे यंत्राकडून सोपी करून घेतली. मूळ मजकूर समजण्यास अकरावीच्या तोडीचे वाचन लागत होते, नवा मजकूर सहावीच्या विद्यार्थ्यालाही समजावा असा झाला. हा लाभ मोठा आहे. मात्र त्याच अभ्यासात परीक्षण करणाऱ्या डॉक्टरांनी १८ टक्के परीक्षणांत रुग्णाच्या सुरक्षिततेविषयी शंका नोंदवली. तिची मुख्य कारणे दोन होती, महत्त्वाची बाब गळणे आणि क्वचित मुळात नसलेली बाब घुसणे.

बॉस्टन येथील संशोधकांनी २०२४ साली कर्करोगाच्या काल्पनिक रुग्णांची १०० पत्रे यंत्राला देऊन उत्तरांचे मसुदे लिहवून घेतले. निम्म्याहून अधिक मसुदे जसेच्या तसे पाठवण्याजोगे आहेत असे डॉक्टरांना वाटले. परंतु मसुदे न सुधारता पाठवल्यास ७.१ टक्के प्रसंगी रुग्णास गंभीर इजा होऊ शकेल आणि एका प्रसंगी मृत्यूचाही धोका आहे, असे मत त्यांनी नोंदवले. बहुतेक वेळा धोका एकाच ठिकाणी होता. रुग्णाने ताबडतोब रुग्णालयात यावयास हवे होते, आणि यंत्राने ती निकड ओळखली नव्हती.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्राची सहानुभूती ही शब्दांची सहानुभूती आहे. ‘आपल्या वेदनेची मला कल्पना आहे’ हे वाक्य ते उत्तम लिहिते. परंतु रुग्णाच्या पत्रातील एका किरकोळ शब्दावरून दचकून ‘आत्ताच्या आत्ता रिक्षा करून या’ असा निरोप देणे हे अनुभवी परिचारिकेचे काम आहे. आरोग्यसेवेतील लेखन सुंदर असावे हे ठीक, पण ते प्रथम सावध असले पाहिजे.

मराठीची वेगळी अडचण

वरील सर्व प्रयोग इंग्रजीतील आहेत. ज्या भाषेत यंत्राला सर्वाधिक वाचावयास मिळाले, तिच्यातील हे निष्कर्ष होत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेल्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहे. परंतु संगणकावर उपलब्ध असलेले मराठी वैद्यकीय लेखन त्या मानाने अत्यल्प आहे. जिथे वाचन कमी, तिथे यंत्र शेजारच्या भाषेतून उसनवारी करते, आणि मराठीची शेजारीण हिंदी आहे. दोघींची लिपी एक, शब्द पुष्कळसे सारखे, पण अर्थ मात्र नेहमी सारखे नसतात.

‘जुलाब’ हाच शब्द घ्या. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करण्यासाठी घेतलेले रेचक. मराठीत जुलाब होतात म्हणजे हगवण लागते. तेव्हा ‘जुलाबाचे औषध’ हे शब्द एका भाषेतून दुसरीत जसेच्या तसे गेले तर जुलाब थांबवावयाचे की करवावयाचे, हे कोणी सांगावे? हिंदीत ‘पाँव भारी होना’ म्हणजे गर्भार असणे. आमच्या आळीतील आजी ‘पाय जड झालेत’ म्हणतात तेव्हा त्यांच्या पायांना सूज आलेली असते. हिंदीतील ‘कल’ मागचाही आणि पुढचाही, तर मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ यांत दोन दिवसांचे अंतर आहे. ‘उद्या रक्त तपासावे’ आणि ‘काल रक्त तपासले’ यांतील भेद केवळ व्याकरणाचा नव्हे.

शिवाय मराठी माणूस आपले दुखणे वाक्प्रचारांत सांगतो. डोळे येतात, तोंड येते, कान फुटतो, छातीत चमक निघते, अंगावरून जाते, दिवस जातात. यांतील एकाचाही शब्दशः अर्थ लावून चालत नाही. मेथोट्रेक्सेटची मात्रा जास्त झाल्यास जी लक्षणे दिसतात, त्यांपैकी एक म्हणजे तोंडातील व्रण, म्हणजेच आपल्या बोलीत ‘तोंड येणे’. रुग्णाने ‘तोंड आले आहे’ असे लिहावे आणि यंत्राने ते एखादी किरकोळ तक्रार म्हणून इंग्रजीत उतरवावे, तर धोक्याची घंटा वाजूनही कोणास ऐकू जाणार नाही.

अशा चुका केवळ आपल्याच भाषेच्या वाट्याला येतात असे नव्हे. २०१० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात औषधांच्या दुकानांतील संगणकाने तयार केलेली ७६ स्पॅनिश लेबले तपासण्यात आली, आणि त्यांपैकी निम्म्यांत चुका आढळल्या. ‘एकदा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि ‘अकरा’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द यांची अक्षरे एकच आहेत. तो इंग्रजी शब्द भाषांतर न होता तसाच राहिला, तर स्पॅनिश वाचणारा मनुष्य दिवसातून अकरा वेळा औषध घेण्याची सूचना वाचील. त्या काळची यंत्रे आजच्या मानाने साधी होती. आजची यंत्रे असा ढोबळ प्रमाद सहसा करीत नाहीत. त्यांचे प्रमाद बारीक असतात, म्हणूनच ते पाहणारा डोळा अधिक बारीक हवा.

येथे आम्हा परिभाषाकारांनीही स्वतःचा दोष पत्करावा. भाषा संचालनालयाच्या १९६० मधील स्थापनेनंतर मराठीत शास्त्रीय संज्ञांचे कोश तयार झाले. ते कार्य थोर आहे आणि ग्रंथलेखनास आवश्यकही आहे. पण यंत्र तेच शब्द उचलून नानांना ‘मूत्रपिंडकार्याची तपासणी’ करावयास सांगते, आणि नाना म्हणतात, “किडनीची म्हणजे ना?” मराठीची एम. ए. झाले असूनही मी येथे किडनीच्या बाजूने आहे. रुग्णाला लिहिलेले पत्र भाषेची शुद्धता जपण्यासाठी नसते, ते त्याचा जीव जपण्यासाठी असते. जो शब्द त्याच्या घरात बोलला जातो, तोच तेथे शुद्ध समजावा.

नियम काय सांगतो?

याबाबत आपल्याकडे काहीच दिशा नाही असे नव्हे. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यकाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या व्यवस्थेने रुग्णास सल्ला देऊ नये वा औषध लिहून देऊ नये. अशा साधनांनी डॉक्टरांस साहाय्य करावे, परंतु अंतिम सल्ला व औषधपत्र नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ साली वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नीतितत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत उत्तरदायित्वाला महत्त्वाचे स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये अशा यंत्रांविषयी मार्गदर्शन करताना, मनुष्य यंत्रावर विसंबून स्वतःचे तपासणे सोडून देतो या प्रवृत्तीविषयी सावध केले आहे.

संमतिपत्राचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निर्णय दिला की, रुग्णाची संमती खरी ठरण्यासाठी त्याला उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व पर्यायी उपाय यांची पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे. यंत्राने तयार केलेल्या मराठी संमतिपत्रातून एखादा धोका गळला आणि रुग्णाने त्याखाली अंगठा उमटवला, तर त्या संमतीला काय अर्थ उरतो?

आणखी एक बाब घरोघरी सांगण्याजोगी आहे. डिस्चार्ज कार्डाच्या छायाचित्रात नाव, वय, पत्ता आणि आजार सारेच असते. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. परंतु कायदा दाराशी पहारा देत असला तरी घरातील माणसानेच खिडकी उघडी टाकू नये. कागद यंत्राला दाखवावयाचाच असेल तर निदान नाव व पत्ता बोटाने झाकावा.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, हा सारा सल्ला मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांना ठीक आहे. जेथे एका सकाळी शंभर रुग्ण पाहावे लागतात, तेथे मराठीत पत्र कोण लिहिणार आणि कोण तपासणार? चुकीची शक्यता असलेले पत्र हे पत्रच नसण्यापेक्षा बरे नव्हे काय?

हा आक्षेप हलका नाही, आणि रांझीत राहणाऱ्या व्यक्तीला तो हसण्यावारी नेता येत नाही. सर्वसाधारण मजकुरापुरता मी तो मान्यही करते. पथ्य काय पाळावे, जखम कशी धुवावी, व्यायाम कोणते करावेत, यांविषयी यंत्राने लिहिलेले आणि एकवार नजरेखालून गेलेले मराठी पान हे न समजणाऱ्या इंग्रजी पानापेक्षा निश्चित चांगले. परंतु औषधाची मात्रा, तिची वेळ आणि धोक्याची लक्षणे यांबाबत हा युक्तिवाद टिकत नाही. न समजणारा कागद घेऊन मनुष्य कोणाला तरी विचारावयास जातो. चुकीचा पण समजणारा कागद घेऊन तो कोणालाही विचारीत नाही.

वेळ वाचतो हेही तितकेसे खरे नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे २०२४ साली केलेल्या पाहणीत यंत्राचे मसुदे मिळाल्यामुळे डॉक्टरांच्या मनावरील ताण कमी झाल्याचे दिसले, पण पत्रांची उत्तरे देण्याचा वेळ घटल्याचे आढळले नाही. याचा अर्थ असा की, तपासण्याचे काम प्रामाणिकपणे केले तर वेळ लागतोच. ज्या दिवशी तो लागेनासा होईल, त्या दिवशी तपासणेच थांबले आहे असे समजावे.

काय करावे?

माझी सूचना साधी आहे. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या प्रत्येक कागदावर, तो कोणीही वा कशानेही लिहिलेला असो, तो मूळ नोंदीशी ताडून पाहणाऱ्या माणसाचे नाव व सही असावी. मसुदा यंत्राचा असल्यास तसे कागदावर नमूद करावे. यंत्राचे नाव दिसल्यास वाचकाचे समाधान किंचित उणावते असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले आहे. तरीही ते सांगावे, कारण थोडी शंका जागी राहणे रुग्णाच्या हिताचे आहे.

औषधाचे नाव, मात्रा, वेळ, वार आणि मुदत या पाच गोष्टींची वाक्यरचना यंत्रावर सोपवूच नये. त्यांसाठी मराठी व हिंदी वाक्यांचा छोटा संच एकदाच, डॉक्टर, औषधनिर्माते व भाषांतरकार यांनी मिळून तयार करावा आणि तो सर्वत्र वापरावा. उदाहरणार्थ, ‘आठवड्यातून एकदाच, फक्त सोमवारी. इतर दिवशी ही गोळी घेऊ नये.’ अशी शेदोनशे वाक्ये पुरेशी होतील. भारत सरकारने भाषांतराच्या यंत्रणेसाठी २०२२ साली ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला आहे, अशा तपासलेल्या वाक्यांचा उपयोग तेथेही होईल.

शेवटी, कागद देताना रुग्णाला विचारावे, “ही गोळी तुम्ही केव्हा घेणार, ते मला सांगा पाहू.” त्याने उलट सांगितलेले उत्तर बरोबर आले तरच कागद पोचला असे समजावे. या एका प्रश्नाला ना वीज लागते, ना यंत्र.

शाळा व वाचनालये यांचाही येथे वाटा आहे. नानांच्या नातवासारखे हजारो विद्यार्थी आज आपापल्या घरचे दुभाषे झाले आहेत. त्यांना यंत्र वापरू नका असे सांगून उपयोग नाही. त्यांना ताडून पाहण्याची सवय लावावी. मूळ कागद डावीकडे, भाषांतर उजवीकडे, आणि प्रत्येक अंकावर व प्रत्येक वारावर बोट. संशय आला तर औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात जाऊन विचारावे, लाजू नये. विज्ञानाच्या तासाला प्रयोगाचे आकडे दोनदा तपासण्याची जी शिस्त आपण शिकवतो, तीच ही शिस्त होय.

नानांच्या कार्डाची हकीकत सांगून आटोपते घेते. त्या दिवशी नातवाला घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. तेथील परिचारिकेने मूळ नोंद पाहिली, यंत्राचे पत्र पाहिले, चुकीच्या ओळीवर काट मारली आणि वर हिंदीत ‘केवल सोमवार’ असे लिहून खाली आपली सही केली. नंतर तिने नानांना विचारले, “बाबूजी, गोली कब खानी है?” नाना म्हणाले, “सोमवार को, बस.” यंत्राने लिहिलेले ते पान नानांनी फेकून दिले नाही. पथ्याची माहिती त्यात चांगली आहे म्हणून ते अजून त्यांच्या उशाशी असते. पण गोळीची वेळ झाली की ते यंत्राच्या ओळी वाचीत नाहीत, त्या सहीवरची ओळ वाचतात.